बुलेटची कॉइल आणि ठिणगीचा हिशेब



या व्यासपीठावर संतवाङ्मय झालं, अर्थसंकल्प झाला, मधुमेहही झाला. आज इग्निशन कॉइल. विषय जाहीर झाल्यावर एका सद्गृहस्थांनी मला विचारलं, "कॉइलवर तासभर बोलण्यासारखं असतं तरी काय?" त्यांच्याकडे बुलेट नसावी. ज्यांच्याकडे जुनी बुलेट आहे, कास्ट आयर्न इंजिनाची, पॉइंटवाली, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली, ते केव्हाच पुढच्या रांगा धरून बसलेत.

या गाड्यांचे दिवस पुन्हा आलेत. १९५५ साली मद्रासला बुलेट बनायला लागली आणि पुढची कित्येक दशकं इंजिनाचा मूळ घाट तोच राहिला. त्यामुळे आजोबांच्या गाडीचे पार्ट नातवाला अजून मिळतात. नातू गाडी गोठ्यातून बाहेर काढतो, रंग मारतो, सीट शिवून घेतो, आणि मग त्याच्या डोक्यात येतं की कॉइल बदलू या. दुकानात लाल-निळ्या चकचकीत कॉइल टांगलेल्याच असतात. खोक्यावर '४०,००० व्होल्ट' छापलेलं. दुकानदार सांगतो, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल, एका किकला सुरू होईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना बाहेर चहा घ्यायचाय ते मोकळे. कॉइल चांगली घालावी, जरूर घालावी. पण ताकद वाढावी म्हणून घालू नये. कॉइल इंजिनाला एका पैशाची ताकद देत नाही. गाडी थंड असताना, पावसात, बॅटरी दमलेली असताना ठिणगी चुकू नये, एवढंच तिचं काम. आणि जुन्या गाड्यांत ठिणगी चुकते तेव्हा कॉइल निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त.

आता ही कॉइल आहे काय? लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेल्या तांब्याच्या तारांचे दोन गुंडाळे. एक जाड तारेचा, दोनतीनशे वेढ्यांचा. दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, त्याच्या साधारण शंभरपट वेढ्यांचा. फॅरडेने १८३१ मध्ये जे तत्त्व दाखवलं त्यावर आयर्लंडमधल्या मेनूथ इथले पाद्री-प्राध्यापक निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये अशी कॉइल बनवली. पॅरिसच्या रूमकॉर्फने ती सुधारली आणि १८६४ मध्ये पन्नास हजार फ्रँकचं बक्षीस मिळवलं. त्याच वर्षी ज्यूल व्हर्नने आपल्या कादंबरीतल्या मंडळींना पृथ्वीच्या पोटात उतरवताना हातात रूमकॉर्फचाच दिवा दिला. मोटारीत बॅटरी, पॉइंट आणि कॉइल हे त्रिकूट नीट बसवलं ते अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगने, १९१०च्या कॅडिलॅकमध्ये. तुमच्या बुलेटमध्ये बसलंय ते हेच. मधल्या काळात त्यात फारसं काही बदललेलं नाही, आणि बदलण्याची गरजही पडली नाही.

पॉइंट मिटलेले असतात तेव्हा जाड तारेतून तीनसाडेतीन अँपिअर करंट वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो. तुमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतून पाणी जोरात येत असताना नळ झटकन बंद केलात तर पाइपात धाडकन दणका बसतो ना, तोच प्रकार. तो दणका जाड तारेत दोनतीनशे व्होल्टचा असतो, बारीक तारेत शंभरपट होतो. वीस-तीस हजार व्होल्ट आले ते असे. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर हा दणका पॉइंटच्या फटीत ठिणगी पाडून वाया जाऊ देत नाही. म्हणून कंडेन्सर गेला की कॉइल गेल्यासारखीच लक्षणं दिसतात. पॉइंट उघडताना दोघांमध्ये मोठी निळी ठिणगी फुटताना दिसली, की आधी कंडेन्सर बदला. तो कॉइलच्या मानाने अगदीच स्वस्त असतो.

आता त्या चाळीस हजार व्होल्टकडे येऊ. व्होल्टेज शून्यापासून चढत जातं आणि प्लगच्या फटीतली हवा ज्या क्षणी फुटते तिथेच थांबतं. फट ०.६ मिलिमीटर, इंजिनातलं मिश्रण दाबाखाली, अशा वेळी आठ-दहा हजार, भार पडला तर पंधरा हजारांच्या आसपास हवा फुटते. म्हणजे कॉइल चाळीस हजारांची असो की वीस हजारांची, प्लग मागेल तेवढंच घेतो. उरलेली कुवत राखीव पडून राहते. ती राखीव उपयोगाची नाही असं मी म्हणत नाही. प्लग झिजला, फट वाढली, गाडी थंड आहे, अशा वेळी तीच कामाला येते. पण खंबाटकीच्या चढाला ती तुम्हाला गिअर टाकण्यापासून वाचवणार नाही.

इथे आपल्या गॅरेजमधली एक जुनी पद्धत सांगायला हवी. प्लग काढायचा, कॅपमध्ये घालायचा, इंजिनाच्या हेडला टेकवायचा, किक मारायची. ठिणगी दिसली की मेकॅनिक म्हणतो, "करंट आहे." आहे खरा, पण उघड्या हवेत. उघड्या हवेत एवढीशी फट दोनतीन हजार व्होल्टलाही फुटते. मरायला टेकलेली कॉइलही ही परीक्षा पास होते. खरं बघायचं तर इन्सुलेटेड पकडीने एचटी वायरीचं, म्हणजे कॉइलकडून प्लगकडे जाणाऱ्या वायरीचं, टोक इंजिनापासून पाचसहा मिलिमीटरवर धरा. तेवढं अंतर ठिणगी सपकन, निळी-पांढरी होऊन ओलांडत असेल तर कॉइल धडधाकट आहे. पिवळी, लुळी पडत असेल तर संशयाला जागा. हे करताना पेट्रोलचा वास येत नाही ना याची खात्री करा, आणि प्लगच्या भोकात चिंधी कोंबायला विसरू नका.

कॉइल निवडताना खोक्यावरचे व्होल्ट वाचू नका, जाड तारेचा रेझिस्टन्स मोजा. सगळी मेख तिथे आहे. पॉइंट चार अँपिअरच्या आसपास करंट सुखाने झेलतात. १२ व्होल्टला तीन ते चार ओहम असले की हिशेब बसतो. आता बाजारात ज्यांना 'परफॉर्मन्स कॉइल' म्हणतात त्यांतल्या बऱ्याच इलेक्ट्रॉनिक इग्निशनसाठी असतात, ०.७ ओहमच्या वगैरे. बारा भागिले ०.७ म्हणजे सतरा अँपिअर! पॉइंट काही दिवसांत जळून काळेठिक्कर होतात आणि मालक म्हणतो, पॉइंटचा माल हल्ली हलका येतो. तीच गोष्ट सीडीआयच्या कॉइलची. आरएक्स १०० ची कॉइल बुलेटला बसवलेली मी पाहिली आहे. सीडीआयमध्ये कंडेन्सर दोनतीनशे व्होल्टला भरून तो एकदम कॉइलमध्ये रिकामा करतात. तिथे कॉइलला चुंबकत्व साठवायचंच नसतं. म्हणून तिचा रेझिस्टन्स एक ओहमच्याही खाली. आकार सारखा, भोकं जुळतात, वायरीही बसतात. काम मात्र अगदी निराळं.

जावा, येझदी, राजदूत १७५ वाल्यांनीही इथे कान द्यावा. या गाड्या ६ व्होल्टच्या. दिवा उजळ हवा म्हणून बारा व्होल्ट करून घेतात, आणि कॉइल तीच जुनी, दीड ओहमची, ठेवतात. करंट दुप्पट होतो, आठ अँपिअर. कॉइल चटके बसण्याइतकी तापते. एक तर बारा व्होल्टची कॉइल घाला, नाही तर तेवढ्याच ओहमचा बॅलास्ट रेझिस्टन्स मध्ये टाका.

मीटरने मोजताना एक सवय लावून घ्या. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. साध्या मीटरवर ०.२, ०.३ ओहम दिसतील. ते वायरींचेच. कॉइलच्या आकड्यातून ते वजा करा, नाहीतर तीन ओहमच्या मापात दहा टक्के चूक होते. आणि कॉइल थंड असताना मोजलीत, तर गाडी अर्धा तास पळवून गरम असतानाही मोजा. गरम झाल्यावर तांब्याचा रेझिस्टन्स थोडा वाढायला हवा. उलट उतरला, तर आतलं इनॅमल सुटून वेढे एकमेकांना लागलेत असं समजा.

आता मुख्य गोष्ट. कॉइलपाशी किती व्होल्ट पोचतात? बुलेटमध्ये करंट बॅटरीतून निघतो तो वर हेडलाइटच्या खोळीत, अँपिअर मीटरमधून, चावीच्या स्विचमधून, आणि परत मागे कॉइलकडे. तीस वर्षांची वायर, गंजलेले लग, स्विचमधला झिजलेला पितळी पत्रा, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं गळतं. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू करून मीटरचा एक प्रोब कॉइलच्या प्लसला, दुसरा बॅटरीच्या मायनसला लावा. बॅटरी बारा दाखवते आणि कॉइलपाशी दहाच येतात, असं जुन्या गाड्यांत सर्रास दिसतं. दोन व्होल्टांनी काय होतंय? साडेतीन ओहमच्या कॉइलचा करंट ३.४ वरून २.९ वर येतो, आणि साठलेली ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ठिणगीतली सुमारे तीस टक्के ऊर्जा जाते. नवी कोरी महागडी कॉइल बसवून हे तीस टक्के परत येत नाहीत, कारण तिलाही दहाच व्होल्ट मिळणार.

यावर हल्ली रिले लावतात. बॅटरीवरून फ्यूज टाकून थेट वायर कॉइलला, आणि चावीच्या स्विचने फक्त रिले चालू-बंद. तांत्रिकदृष्ट्या उत्तम. पण बुलेटवाल्यांना एक गोष्ट गमवावी लागते. किक मारण्याआधी डीकॉम्प्रेसर दाबून किक हळूहळू खाली नेताना अँपिअरचा काटा डिस्चार्जकडे पडलेला असतो आणि एका जागी मध्यावर येतो. तो मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन नेमका हवा तिथे आला. मग किक वर घेऊन पूर्ण वजनाने मारायची. कॉइलचा करंट मीटरला वळसा घालून गेला की काटा हे सांगणं बंद करतो. म्हणून माझा कल रिलेकडे नाही. मी वायरी बदलतो, लग नव्याने क्रिम्प करतो, स्विच उघडून साफ करतो, अर्थिंगचा बोल्ट लोखंड दिसेपर्यंत घासतो. बहुतेक वेळा दीड व्होल्ट तिथेच सापडतो.

कोणी विचारेल, रेसच्या गाड्यांना मग खास कॉइल का लागतात? कारण त्यांच्याकडे वेळ नसतो. चार सिलिंडरचं इंजिन दहा हजार आरपीएमला फिरतं तेव्हा कॉइल भरायला काही मिलिसेकंदच मिळतात. बुलेट तीन हजारांवर फिरली तर सेकंदाला पंचवीस ठिणग्या, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये चाळीस मिलिसेकंद. पॉइंट त्यातला निम्म्याहून जास्त वेळ मिटलेले. साधी तीन-साडेतीन ओहमची कॉइल दहा-पंधरा मिलिसेकंदांत भरते. बुलेट निवांत गाडी आहे. तिला रेसची कॉइल घालून कुणाचंच भलं होत नाही, दुकानदार सोडला तर.

मग कॉइल बदलायची कधी? जेव्हा ती खरोखर म्हातारी झाली असेल. पावसाळ्यात कोकणात उतरलात आणि गाडी मिस मारायला लागली, तर रात्री अंधारात गाडी चालू ठेवून कॉइलवर आणि एचटी वायरीवर पाण्याचा बारीक फवारा मारा. कॉइलच्या तोंडापासून निळसर रेघा चेसीकडे सरपटताना दिसल्या, की तिथे करंट वाट काढतोय. एकदा कार्बनची रेघ उमटली की पुसून जात नाही. वायर आणि कॅप बदलून थांबलं तर ठीक, नाहीतर कॉइल बदला. दुसरं कारण मालकाचाच निष्काळजीपणा. इंजिन बंद आणि चावी चालू, पॉइंट नेमके मिटलेले. साडेतीन अँपिअर सतत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वॅट उष्णता मुठीएवढ्या डब्यात. बॅटरी उतरते ती उतरते, कॉइलचं पोटही फुगतं.

आणि मिस मारणारी गाडी नुसती त्रासाची नसते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं, तिथे फटाका वाजतो, आणि पीयूसीच्या मशीनवर हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. मग पोरं कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळत बसतात. स्क्रूचा काही संबंध नसतो.

तेव्हा मंडळी, उद्या कॉइल घ्यायला जाल तर मल्टिमीटर बरोबर घेऊन जा. आधी घरी, कॉइलपाशी किती व्होल्ट येतात ते मोजा. बारापेक्षा फार कमी असतील तर पैसे वायरीवर खर्च करा. पुरेसे येत असतील तर दुकानात काउंटरवरच खोकं फोडून ओहम मोजून द्यायला सांगा. तीन ते चार भरले तर घ्या. दुकानदार मोजू देत नसेल, तर दुसरं दुकान गाठा.