जळीत कक्षानंतरचे उपचार

या परिषदेला सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून शल्यचिकित्सक, मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या, तसेच भाजण्याच्या दुखापतीतून सावरलेले व अजून सावरत असलेले भगिनी-बंधू आले आहेत. नावांच्या क्रमात शेवटी आलेल्या या भगिनी-बंधूंमुळेच परिषदेला अर्थ आहे, आणि त्यांनी येथवर येण्याचे धैर्य दाखवले याबद्दल स्वागत समिती त्यांची ऋणी आहे.

कृष्णाकाठच्या या प्रदेशाला शस्त्रक्रियेची परंपरा नवी नाही. १८९४ मध्ये विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन रुग्णालय उभे केले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि पुढे कराडलाही मोठे रुग्णालय झाले. त्याच प्रदेशातील कितीतरी कष्ट विस्तवाच्या सान्निध्यात चालतात : गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळत असतो, खानापूर-आटपाडीकडील गलाई कारागीर देशभर सोने-चांदी वितळवताना भट्टी आणि तेजाब दोन्ही हाताळतात, तर कवठे एकंदच्या दसऱ्याची आतषबाजी हातांनी भरलेल्या दारूवर उभी असते. तरीही भाजण्याच्या घटनांचा मोठा वाटा स्वयंपाकघरातलाच असतो. भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

रुग्णालयात या दुखापतीचे मोजमाप टक्क्यांत होते, नातेवाईकही प्रथम ‘किती टक्के?’ असेच विचारतात, आणि जखम भरून रुग्ण घरी गेला की उपचार संपले असे सगळेच मानतात. मनाची दुखापत मात्र पुष्कळदा त्यानंतरच उघडी पडते. आघातोत्तर ताण विकार, म्हणजे घडून गेलेली घटना मनात पुन्हापुन्हा जशीच्या तशी घडत राहणे, झोपेत दचकणे आणि तिची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, हा त्यातील एक प्रकार असून, काडी ओढल्याचा आवाज किंवा फोडणीचा वास एवढेही त्याला पुरते. चूल पेटवण्याखेरीज जिचा दिवस सुरू होत नाही, तिला ही टाळाटाळ परवडत नाही, आणि घरच्यांना मात्र ती आळस वाटते. त्याच्या जोडीला नैराश्य येते आणि आरशातला चेहरा आपला नव्हे असे वाटू लागते. व्रण पक्का होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. तोवर त्याची खाज रात्रीची झोप मोडते आणि दाबाचे घट्ट कपडे दिवसरात्र अंगावर ठेवावे लागतात.

शरीर आणि मन येथे वेगळे काढता येत नाहीत. खोल भाजलेल्या जागी रोपण केलेल्या त्वचेला पुरेसा घाम येत नाही, त्यामुळे माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या चैत्रातल्या उन्हात खुरपणीला गेलेल्या बाईचे अंग तापते, तिला काम अर्ध्यावर सोडावे लागते, मजुरी बुडते, आणि ‘आता हिचा उपयोग नाही’ हे वाक्य घरातूनच कानी पडते. अशा उदासीचे मूळ केवळ मनात शोधणे हा त्या बाईवर अन्याय ठरेल.

आठवण जागवणारी गोष्ट कधी एखादी तिथीही असते. वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरी झाली, दुकाने पेटली, गॅसच्या टाक्या फुटल्या आणि तीनशेच्या आसपास भाविकांचा बळी गेला. न्यायमूर्ती राजन कोचर आयोगाने त्याची चौकशी केली. ज्या माणसांनी ती आग पाहिली, त्यांच्यापैकी कित्येकांना कॅलेंडरातील तारखेपेक्षा पौष पौर्णिमाच अधिक अस्वस्थ करत असेल, कारण गावात यात्रेची तयारी सुरू होते ती तिथीवर. रुग्णाला पुन्हा कधी भेटायचे हे ठरवताना वैद्यकाने पंचांगही पाहावे.

परदेशातील एका उदाहरणाचा येथे उपयोग आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ईस्ट ग्रिनस्टेड येथे आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी भाजलेल्या वैमानिकांवर शस्त्रक्रिया केल्या, त्यांना बरे होण्यापूर्वीच गावात फिरायला पाठवले आणि गावकऱ्यांनी त्यांच्याकडे टक लावून न पाहता त्यांना घरी जेवायला बोलवावे अशी व्यवस्था लावली. १९४१ मध्ये त्या रुग्णांनी आपला क्लबही स्थापन केला. मात्र ते वैमानिक वीर होते, आणि स्वयंपाकघरात भाजलेल्या सुनेच्या वाट्याला मानाऐवजी संशय येतो. स्टोव्हचा भडका उडाला असे ती सांगते तेव्हा ते खरे असू शकते, किंवा ज्या घरात परत जायचे आहे त्या घराच्या धाकाने सांगितलेलेही असू शकते. म्हणून तिच्याशी बोलणे नातेवाइकांना बाहेर थांबवूनच व्हावे, हा साधा नियम प्रत्येक जळीत कक्षात पाळला जाणे समितीला अत्यंत निकडीचे वाटते.

ज्यांनी स्वतःला जाळून घेतले, त्यांच्यासाठी कायद्याने काही वाट मोकळी केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. पोलिसांच्या भीतीने गप्प राहणाऱ्या रुग्णाला हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे. याउलट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अॅसिड हल्ल्याच्या पीडितांना स्वतंत्र स्थान असले, तरी रॉकेलने किंवा उकळत्या रसाने तितकाच विद्रूप झालेला चेहरा त्या प्रवर्गात बसत नाही, आणि अशा व्यक्तीला हालचालीची मर्यादा किंवा दुसरे काही सिद्ध करावे लागते. ही त्रुटी दूर व्हावी असा ठराव परिषदेने करावा, अशी समितीची विनंती आहे.

कायदा बदलण्याची वाट न पाहता करता येण्याजोगी कामेही आहेत. ड्रेसिंगच्या प्रत्येक भेटीत जखमेबरोबर झोपेचीही चौकशी व्हावी. साताऱ्याच्या परिवर्तन संस्थेने रुजवलेली मानसमित्राची कल्पना, म्हणजे प्रशिक्षित स्वयंसेवकाने दिलेला भावनिक प्रथमोपचार, आशा कार्यकर्त्यांमार्फत रुग्णाच्या गावापर्यंत नेता येईल. टेली मानस या मानसिक आरोग्य साहाय्यवाणीचा १४४१६ हा क्रमांक घरी सोडतानाच्या कागदावर ठळक लिहिणे तर उद्यापासूनच शक्य आहे.

दुपारच्या सत्रात सावरलेले भगिनी-बंधू स्वतः बोलणार असून, त्या वेळी छायाचित्रण बंद राहील, कोणालाही घटनेचे कारण विचारले जाणार नाही आणि ज्यांना उष्मा सोसत नाही त्यांच्यासाठी सभागृहातील थंड हवेच्या बाजूची आसने राखून ठेवलेली आहेत. इतरांनी कृपया ती मोकळी ठेवावीत.