मुलाची वाढ : घाई नको, दिरंगाईही नको

घरात तान्हे मूल असले, की दारात येणारी प्रत्येक शेजारीण काहीतरी विचारतेच. "काय गं, पालथा पडायला लागला का?" दोन महिने गेले, की "बसतो का आता?" मग "रांगतो का?" आणि वर्ष भरत आले, की "अजून पाऊल नाही टाकलं? आमची ठकी तर दहाव्या महिन्यातच घरभर हिंडत होती!" या प्रश्नांत माया असते, यात शंका नाही. पण तेवढ्या एका वाक्याने त्या घरची आई रात्रभर तळमळते, हेही तितकेच खरे. तेव्हा श्रोतेहो, मूल एकेक गोष्ट कसकशी शिकते, आपण कुठे स्वस्थ राहावे आणि कुठे मुळीच स्वस्थ राहू नये, एवढेच आज आपण पाहू.

गोठ्यातले वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत धडपडत उभे राहते आणि आचळाला लागते. माणसाच्या मुलाला उभे राहायला वर्ष लागते. हे त्याचे उणेपण नव्हे, बरं का. जन्मताना त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या चौथ्या हिश्श्याहून थोडासाच मोठा असतो. दोन वर्षांत तो पाऊण हिश्श्याच्या आसपास येतो. म्हणजे वासरू जे पोटातूनच घेऊन येते, ते आपले मूल आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत शिकते. म्हणूनच त्या शिकण्यात घराचा वाटा फार मोठा.

या शिकण्याला एक क्रम आहे. तो वरून खाली जातो. आधी मान धरते, मग पाठ, मग कंबर आणि शेवटी पाय. हाताचेही तसेच. सहा महिन्यांचे मूल खुळखुळा अख्ख्या मुठीत धरते. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास तेच मूल जमिनीवर सांडलेले भाताचे शीत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत नेमके पकडते. शिक्षक बंधुभगिनींनो, पहिलीच्या वर्गात पेन्सिल धरणारी चिमूट ती हीच! म्हणून अडीच-तीन वर्षांच्या मुलाला पाटीवर अक्षर गिरवायला बसवण्यापेक्षा त्याला मातीचे गोळे करू द्यावेत, कणकेची गोळी वळू द्यावी, आजीशेजारी बसून मेथीची पाने खुडू द्यावीत. बोटे तयार झाली, की अक्षर जड जात नाही.

क्रम ठरलेला असला, तरी वेळ मात्र ठरलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली याविषयीची पाहणी प्रसिद्ध केली. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली सुमारे आठशे निरोगी मुले त्यांनी पाहिली. आधाराशिवाय बसणे ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत केव्हाही आले. एकट्याने चालणे ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत केव्हाही आले. पाहा, एक मूल नवव्या महिन्यात चालते, दुसरे सतराव्या महिन्यात, आणि दोन्ही धडधाकट! आपल्या देवघरातला बाळकृष्ण रांगता असतो, म्हणून प्रत्येक मुलाने रांगलेच पाहिजे असे आपल्याला वाटते. पण या पाहणीतली शंभरातली सुमारे चार मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तशीच पुढे उभी राहिली आणि चालू लागली. तेव्हा शेजारच्या ठकीचे पंचांग आपल्या बाळाला लावू नये.

घाईपोटी आणखी एक गोष्ट होते. बाजारातून चाकांचा गोल वॉकर आणतात आणि मुलाला त्यात बसवतात. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा; त्याला धरून मूल आपल्या पायांवर उभे राहते. या वॉकरमध्ये ते लोंबकळत असते. त्याने चालणे लवकर येत नाही. उलट मूल एका झटक्यात पायरीवरून खाली किंवा चुलीपाशी जाऊन पोचते. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. मुलाला हवी ती सारवलेली किंवा पुसलेली मोकळी जमीन, आणि नजर ठेवणारे एक माणूस.

आता बोलण्याकडे वळू. बोलणे हे चालण्यासारखे नुसत्या अंगाच्या जोराने येत नाही. ते दुसऱ्याकडून घ्यावे लागते. शेताच्या बांधावर झोळीत मूल ठेवून खुरपणारी आई मधूनच त्याच्याशी बोलते, ते हुंकार देते, ती पुन्हा बोलते. ही पहिली शाळा. हल्ली मूल रडले, की त्याच्या हाती मोबाइल देतात. मोबाइल बोलतो खरा, पण मुलाच्या हुंकाराला तो "काय रे सोन्या?" म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की एक वर्षाखालच्या मुलाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन वर्षांच्या मुलालाही दिवसातून तासाभराहून अधिक नको.

आणि हे बोलणे घरच्याच बोलीत असू द्या. अहिराणी असो, वऱ्हाडी असो, मालवणी असो, वारली असो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या साधनांवाचून, बिया, पाने, शंखशिंपले घेऊन मुले शिकू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या शिक्षकाला मुलाच्या बोलीचे हसू येते, त्याच्या वर्गात ते मूल तोंड उघडत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

इथवर मी म्हणत आलो, घाई करू नका. आता दुसरी बाजू सांगतो, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. "आमच्या घरी सगळेच उशिरा बोलतात, याचा बाप तर तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता" असे म्हणून पुष्कळ घरे वाट पाहत बसतात. बहिरे मूलही पहिले काही महिने इतरांसारखेच रडते, हसते, हुंकार देते. त्यामुळे घरात कोणाला संशय येत नाही. आणि भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात. सहा महिन्यांच्या मुलाच्या पाठीमागे, त्याला न दिसेल असा, वाटीवर चमचा वाजवून पाहा. मान वळवत नसेल, तर कानाची तपासणी करवून घ्या. वर्षाचे झाले तरी हाकेला वळत नाही, बडबड करत नाही. दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही किंवा अर्थाचा एकही शब्द बोलत नाही. किंवा आलेली गोष्ट विसरू लागले आहे, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. मूल दिवस भरण्याआधी जन्मले असेल, तर पहिली दोन वर्षे त्याचे महिने जन्मतारखेपासून न मोजता, डॉक्टरांनी प्रसूतीची जी तारीख दिली होती तिच्यापासून मोजावेत.

यासाठी शहरच गाठायला हवे असे नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे. ते कधी येणार, हे अंगणवाडीताईंना विचारून ठेवा. आणि एक विनंती घरातल्या वडीलधाऱ्यांना. मूल मागे पडले, तर आईला बोल लावू नका. ग्रहणात भाजी चिरली म्हणून मूल बहिरे होत नाही. आईला दोष दिला, की ती मुलाला लपवू लागते, आणि लपवलेल्या मुलावर उपचार होत नाहीत.

गरोदरपणी मिळालेले माता व बाल संरक्षण कार्ड बहुतेक घरांत लसीच्या तारखेपुरते बाहेर निघते. त्यात मूल कोणत्या महिन्यात काय करू लागते, हेही चित्रांसह छापलेले असते. आज संध्याकाळी ते काढा, आणि आईला वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मोठ्या बहिणीकडून वाचून घ्या.