कोनाड्यातला दिवा आणि कारखान्यातला रिमोट

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





मला आज ‘शिक्षण आणि जबाबदारी’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय मोठा आहे आणि त्यावर मोठमोठे शब्द वापरून अर्धा तास सहज काढता येईल. तथापि मी आपल्यासमोर एक अगदी लहान वस्तू ठेवणार आहे. ती वस्तू म्हणजे कारखान्याच्या भिंतीवर बसवलेली, जेवणाच्या डब्याएवढी एक खोबण. तिच्यात क्रेनचा रिमोट ठेवतात आणि तो तिथेच चार्ज होतो. मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या मास्तराला क्रेनचे काय कळते, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. यातले जे काही मला कळले, ते माझ्या एका विद्यार्थ्याने मला शिकवले. ते शिकवताना त्याच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणूनच आज ते आपल्याला सांगावेसे वाटते.

आधी क्रेनविषयी थोडे सांगतो. तळोजा, चाकण, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत लोखंडाचे काम करणाऱ्या शेडमध्ये आपण गेलात, तर छताखाली दोन्ही बाजूंना रूळ दिसतील. त्या रुळांवरून एक आडवी तुळई पुढेमागे सरकते आणि तुळईवरून आकडा खाली येतो. टनावारी वजनाचा माल तो आकडा उचलतो. पूर्वी ही क्रेन चालवणारा माणूस वर केबिनमध्ये बसे. त्याला खालचा माल नीट दिसत नसे, म्हणून खालच्या माणसाच्या हाताच्या खुणांवर त्याला विसंबावे लागे. पुढे क्रेनवरून लोंबणाऱ्या केबलला बटणांची पेटी आली. तिला पेंडंट म्हणतात. त्यामुळे चालवणारा खाली आला खरा, पण केबलच्या लांबीने तो बांधला गेला आणि लोंबत्या मालाच्या जवळच त्याला चालावे लागले. बिनतारी रिमोटने ही अडचण दूर केली. आता चालवणारा मालापासून सुरक्षित अंतरावर, जिथून सगळे नीट दिसते अशा जागी उभा राहून बटण दाबू शकतो.

ही विद्या काही कालची नव्हे. निकोला टेस्ला यांनी 1898 साली न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी बोट बिनतारी लहरींनी चालवून दाखवली. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात अशाच लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली होती. कारखान्यातला रिमोट हे त्याच झाडाचे फळ आहे.

आता हा रिमोट कसा काम करतो ते पाहू. प्रत्येक रिमोटची स्वतःची एक सांकेतिक ओळख असते. क्रेनवर बसवलेला ग्राहक-संच फक्त आपल्याच रिमोटचा हुकूम ऐकतो, शेजारच्या रिमोटचा ऐकत नाही. बॅटरी संपली किंवा लहरी पोहोचल्या नाहीत, तर ‘हुकूम नाही’ असे समजून क्रेनने आपोआप थांबावयाचे, हा त्यातला मूळ नियम. अशा बिनतारी नियंत्रणासाठी आयईसी 62745 हे आंतरराष्ट्रीय मानक 2017 साली प्रसिद्ध झाले. संपर्क तुटताच यंत्र थांबले पाहिजे, ही त्यातली मुख्य अपेक्षा. शिवाय रिमोटवर एक मोठे लाल बटण असते. ते दाबले की क्रेन जागच्या जागी उभी राहते.

मग धोका कुठे राहिला? धोका राहिला तो माणसात.

माझा तो विद्यार्थी आपल्याच शाळेतून दहावी झाला, पुढे आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियन झाला आणि एका कारखान्यात लागला. कारखान्याचे नाव मी घेत नाही, आणि त्याची गरजही नाही. तिथे एकाच शेडमध्ये, एकाच रुळांवर दोन क्रेन होत्या. दोन्हींचे रिमोट दिसायला अगदी सारखे. रिमोटला चिकटवलेले आकडे तेलाच्या हातांनी कधीच पुसून गेले होते. रिमोट ठेवावयास ठरलेली जागा नव्हती. कोणी खिडकीत ठेवी, कोणी टेबलावर, कोणी खिशात घालून चहाला जाई. चार्जर एका कोपऱ्यात पडलेला असे. ज्याला आठवण होईल तो रिमोट त्याला लावी. त्यामुळे बॅटरी नेहमी अर्धीमुर्धीच भरलेली. बटण एकदा दाबून क्रेन हलली नाही, तर ‘बॅटरी उतरली असेल’ म्हणून पुन्हा जोरात दाबावयाचे, ही तिथली रीतच होऊन बसली होती.

एका रात्रपाळीला याने टेबलावरचा रिमोट उचलला. किल्ली त्यातच होती. त्याने चालू केला आणि ‘वर’चे बटण दाबले. समोरची क्रेन हलली नाही. रीतीप्रमाणे त्याने बटण पुन्हा दाबले आणि दाबून धरले. पलीकडे दुसऱ्या क्रेनच्या आकड्याला पाइपांचा भारा अडकवलेला होता आणि एक कामगार हाताने साखळी सारखी करीत होता. हातातला रिमोट त्या क्रेनचा होता. साखळी ताणली गेली. किंकाळी ऐकू आली तेव्हा याने लाल बटण दाबले. क्रेन तत्काळ थांबली. पण तोवर त्या माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती.

माझा विद्यार्थी मला म्हणाला, “सर, यंत्राने माझे ऐकले. मी सांगितले तेच त्याने केले. चूक माझी होती.” मी त्याला म्हटले, “बेटा, चूक तुझी होती, पण एकट्या तुझी नव्हती.” आजही मला तसेच वाटते. ज्या शेडमध्ये वस्तूला जागा नाही, तिथे प्रत्येक जण रोज थोडीथोडी चूक करीत असतो. एक दिवस ती कुणा एकाच्या हातून पूर्ण होते, एवढेच.

त्यानंतर त्या शेडमध्ये दरवाजाजवळच्या खांबावर, छातीच्या उंचीला, दोन खोबणींचा चार्जर बसवला गेला. एक खोबण पिवळी, दुसरी निळी. पिवळा पट्टा पहिल्या रिमोटवर आणि तसाच पट्टा पहिल्या क्रेनच्या तुळईवर. निळा दुसऱ्या रिमोटवर आणि दुसऱ्या क्रेनवर. हे पट्टे माझ्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने रंगवले. काम संपले की किल्ली काढावयाची, रिमोट आपल्या खोबणीत ठेवावयाचा, दिवा लागला की नाही ते पाहावयाचे आणि वहीत सही करावयाची. पाळी बदलताना दोन्ही रिमोट खोबणीत दिसल्याशिवाय जुनी पाळी घरी जात नाही.

मित्रांनो, या साध्या खोबणीत विचार किती आहे तो पाहा. रिमोटमध्ये निकेलच्या घटांची किंवा लिथियम-आयन बॅटरी असते. निकेल-मेटल हायड्राइडचा एक घट सुमारे 1.2 व्होल्टचा, तर लिथियमचा साधारण 3.7 व्होल्टचा. लिथियमचा घट सामान्यतः 4.2 व्होल्टपर्यंत भरला की भरणे थांबवावे लागते, नाहीतर तो तापतो आणि बिघडतो. चांगला चार्जर हे स्वतः ओळखून थांबतो, म्हणून ज्या बॅटरीसाठी जो चार्जर दिला आहे तोच वापरावयाचा. तसेच 45 अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेत लिथियमची बॅटरी सहसा भरू नये असे सांगतात. आपल्याकडच्या मे महिन्यात, भट्टीजवळच्या भिंतीवर, एवढी उष्णता सहज होते. म्हणून खोबण भट्टीपासून आणि पत्र्यातून येणाऱ्या उन्हापासून दूर हवी. जिथे पेट घेणारी वाफ किंवा धूळ असते, अशा भागात तर साधा चार्जर बसवूच नये. रिमोट बाहेर आणून सुरक्षित जागी चार्ज करावा.

खोबणीच्या तळाशी धातूच्या छोट्या पिना असतात. त्यांवर धूळ आणि तेल बसले की रिमोट ठेवलेला दिसतो, पण चार्ज होत नाही. म्हणून त्या कोरड्या फडक्याने पुसाव्या लागतात. काही प्रकारांत पिनाच नसतात. भिंतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून रिमोटमधल्या वेटोळ्यात वीज उतरते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनो, विज्ञानाच्या पुस्तकातला जो धडा तुम्हाला फक्त गुणांपुरता वाटतो, तो तिथे भिंतीवर काम करीत असतो.

आणि या खोबणीचा सर्वांत मोठा गुण कोणता म्हणाल, तर ती रिकामी असताना बोलते. पिवळी खोबण रिकामी दिसली, की पहिल्या क्रेनचा रिमोट कुणाच्या तरी हातात आहे, हे शेडमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला कळते. वर्गातल्या हजेरीसारखेच ते आहे. हजर असलेल्यांपेक्षा गैरहजर कोण, हे हजेरी आधी सांगते.

आता आपल्या घराकडे वळू. जुन्या घरांत भिंतीत कोनाडा असे. त्यात दिवा आणि काडीपेटी ठेवलेली असे. वीज गेली की आजी अंधारात उठून सरळ हात नेई आणि दिवा लावी. ती कधी चाचपडत नसे, कारण दिवा कोनाड्यातच असणार हे तिला ठाऊक होते. तीच आजी रेहालवरचे कुरआन शरीफ वाचून झाले की गिलाफात घालून उंच जागी ठेवी. जागच्या जागी ठेवणे ही तिच्या दृष्टीने अदब होती. कारखान्यातली खोबण म्हणजे दुसरे काय? तोही एक कोनाडाच आहे.

उलट, मशिदीच्या दारात काय होते ते आपण सारे जाणतो. जुम्म्याच्या नमाजनंतर घाईत कोणी दुसऱ्याच्या चपला घालून जातो आणि बिचारा मालक उन्हात अनवाणी घरी येतो. आपण हसतो आणि विसरतो. पण दोन सारख्या चपला बदलणे आणि दोन सारखे रिमोट बदलणे यांमागची सवय एकच असते. पहिलीत पाय भाजतात, दुसरीत बोटे जातात.

आपल्या दीनमध्ये अमानतीला केवढे महत्त्व आहे, हे मी आपल्याला सांगावयास नको. अमानत म्हटली की आपल्याला पैसा आणि दागिने आठवतात. परंतु पाळीपुरता हातात आलेला रिमोटही अमानत आहे. तो नुसता मालकाची अमानत नाही, तर आकड्याखाली उभ्या असलेल्या माणसाची अमानत आहे. तो भरलेला, पुसलेला आणि जागच्या जागी परत करणे हे फेडणेच आहे.

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगतो. दियारबकरच्या दरबारातल्या अल-जझारी या कारागिराने 1206 साली यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. पाणी वर उचलणारी यंत्रे, घड्याळे, कारंजी यांची रचना त्याने त्यात मापांसह दिली, ती अशासाठी की दुसऱ्या कारागिराला ती पुन्हा घडवता यावीत. आपण अशा पूर्वजांची नावे व्यासपीठावरून अभिमानाने घेतो, आणि आपला मुलगा आय.टी.आय.ला जातो म्हटले की पाहुण्यांसमोर आवाज खाली करतो. हे बरोबर नाही. ज्याने हाताने यंत्रे घडवली त्याचा अभिमान बाळगावयाचा आणि स्वतःच्या मुलाच्या तेलकट हातांची लाज बाळगावयाची, असे दोन्ही कसे चालेल?

पालकहो, आपल्यापैकी कित्येकांची मुले कारखान्यांत, गोदीत, आखाती देशांत काम करतात. त्यांचा फोन आला की आपण पगार विचारतो, जेवण विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारा. “बेटा, तुझ्या कामाची हत्यारे ठेवावयास ठरलेली जागा आहे का? लाल बटण चालते की नाही, ते पाळीच्या सुरुवातीला तू पाहतोस का?” उचलण्याच्या यंत्रांची किमान दर 12 महिन्यांनी जाणकाराकडून कसून तपासणी व्हावी, अशी तरतूद आपल्या देशाने 1948 च्या कारखाने अधिनियमात केली. पण वर्षातून एक दिवस तपासणारा येतो. उरलेले सर्व दिवस आपल्या मुलालाच तपासावयाचे असतात.

आणि विद्यार्थ्यांनो व विद्यार्थिनींनो, तुम्ही उद्या क्रेन चालवाल, दवाखान्यात काम कराल, की माझ्यासारखे खडू हातात घ्याल, ते मला ठाऊक नाही. सवय मात्र आजच लागते. प्रयोगशाळेतली परीक्षानळी, ग्रंथालयातले पुस्तक, क्रीडांगणावरचा चेंडू, घरातली कात्री, जिथून घेतली तिथे परत ठेवा. पुढचा हात ती अंधारात शोधणार आहे, हे ध्यानात असू द्या.

माझा तो विद्यार्थी अजूनही त्याच शेडमध्ये आहे. ज्याची बोटे गेली, तो इसमही आता तिथेच भांडारात काम करतो. दोघे एकमेकांशी बोलतात. त्या रात्रीचे दुःख भरून आले आहे, असे मी म्हणणार नाही. पण रोज पाळी संपताना तो रिमोट खोबणीत ठेवतो, हिरवा दिवा पाहतो आणि मगच सही करतो. शिक्षण आणि जबाबदारी यांचा अर्थ मला विचाराल, तर मी त्या सहीकडे बोट दाखवीन.