फोनच्या लाइनी एकत्र करण्यापूर्वी

सिन्नरचा व्यवसाय एका जागी क्वचितच मावतो. पेठेत दुकान असतं, मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत शेड असते, माळेगावच्या एमआयडीसीत दुसरं युनिट उभं राहतं आणि बँक, वकील, हिशेब यांच्यासाठी नाशिकला ऑफिस लागतं. नाशिक-पुणे आणि घोटी-शिर्डी हे दोन रस्ते इथं भेटतात, म्हणून कुणाचं गोडाऊनही रस्त्याकडेला असतं. ही सवय आपल्याला नवी नाही. विडीच्या धंद्यातही कारखाना एकीकडे आणि विड्या वळणारे हात घरोघरी, असंच होतं.

जागा वाढल्या तसे फोनही वाढले. अशा ठिकाणी ईपीएबीएक्स बसवायचं आणि लाइनी दुरुस्त करायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. अलीकडे मालक मंडळी मला एकच प्रश्न विचारतात, ‘‘एवढ्या लाइनींचं भाडं कशाला भरायचं? सगळ्या एकत्र करून टाका ना!’’ प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपत नाही.

या लाइनी जमल्या कशा, ते आधी पाहू. एकेकाळी टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे हाती आलेली लाइन कुणी सोडत नसे. पुढं फॅक्स आला, त्याला वेगळी लाइन घेतली. कार्ड घासायचं मशीन आलं, त्याला आणखी एक. डायल-अप इंटरनेटला एक. साहेबांच्या केबिनला थेट एक. फॅक्स बंद पडला, डायल-अप गेलं, तरी लाइन राहिली आणि बिलही राहिलं. एका व्यापाऱ्याची चार ठिकाणची बिलं आम्ही एकत्र मांडली तेव्हा नऊ लाइनी निघाल्या. त्यातल्या तीन कुठं जोडलेल्या आहेत, हे तिथं कुणालाच सांगता येईना.

आता एकत्र करण्याचा फायदा. याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन टेलिफोन कंपनीत आग्नर एरलांग नावाचे गणितज्ञ होते. किती फोन येतात, ते किती वेळ चालतात आणि त्यासाठी किती लाइनी लागतात, यावरचा त्यांचा पहिला निबंध १९०९ साली आला आणि पुढं १९१७ मध्ये त्यांनी याची सूत्रं दिली. त्यातलं एक सूत्र आपल्या उदाहरणाला लावून पाहू. समजा, तीन ठिकाणी प्रत्येकी दोन लाइनी आहेत आणि प्रत्येक ठिकाणी सरासरी एक लाइन कायम गुंतलेली राहील इतके फोन येतात. अशा वेळी शंभरातल्या वीस जणांना ‘एंगेज’ ऐकू येईल. त्याच सहा लाइनी तिघांत सामाईक केल्या तर हाच आकडा पाचावर येतो. आणि वीस जण परत गेले तरी चालत असेल, तर सहाऐवजी चार लाइनींतच काम भागतं.

बँकेत प्रत्येक खिडकीपुढं वेगळी रांग असते तेव्हा एक खिडकी रिकामी आणि दुसरीपुढं गर्दी, असं होतं. सगळ्यांची एकच रांग केली की कुठलीच खिडकी रिकामी राहत नाही. लाइनींचंही तेच आहे. दुकानाची लाइन रिकामी असते तेव्हा कारखान्याची गुंतलेली असते.

एकत्र करायचे मार्ग तीन. एकाच इमारतीत दोन-चार लाइनी असतील तर ‘हंटिंग’ मागावं. म्हणजे ग्राहक एकच नंबर फिरवतो आणि जी लाइन मोकळी असेल ती वाजते. दुसरा मार्ग पीआरआयचा. त्यात एकाच जोडणीवर एका वेळी तीस संभाषणं चालतात. मोठ्या कारखान्याला ते परवडतं, दोन टेबलांच्या ऑफिसला नाही. तिसरा मार्ग एसआयपी ट्रंकचा. यात आवाज इंटरनेटच्या पद्धतीनं जातो, हवे तेवढे चॅनेल घेता येतात आणि परवानाधारक कंपनीकडून रीतसर घेतलं तर नाशिक, माळेगाव आणि पेठेतलं दुकान एकाच यंत्रणेत बसवता येतं.

इथवर सगळं एकत्रीकरणाच्या बाजूचं झालं. आता जुन्या तारेची बाजू.

तांब्याच्या तारेवरच्या फोनला लागणारी वीज आपल्या घरातली नसते. ती एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून त्याच तारेनं येते. म्हणून भारनियमनाच्या दिवसांत, अख्खं गाव अंधारात असतानाही साधा फोन वाजत असे. फायबर म्हणजे काच. काचेतून वीज येत नाही. फायबरचा डबा, राउटर आणि नवा फोन, तिन्हींना आपलीच वीज लागते. ती गेली आणि मागं बॅटरी नसली की फोन मुका.

याचा अर्थ काय होतो, ते एका कारखान्यात दिसलं. रात्रपाळीत वीज गेली. अंधारात एक कामगार माळ्यावरून खाली पडला. कामगारांचे मोबाईल नियमाप्रमाणे गेटजवळच्या लॉकरमध्ये आणि लॉकरची किल्ली सुपरवायझरकडे. वॉचमनच्या केबिनमधली जुनी लाइन काही महिन्यांपूर्वीच ‘कुणी वापरत नाही’ म्हणून काढून टाकलेली. नव्या यंत्रणेचा फोन विजेबरोबर गेलेला. शेवटी एक जण शेजारच्या कंपनीच्या गेटपर्यंत धावत गेला, तेव्हा कुठं रुग्णवाहिकेला फोन लागला. माणूस वाचला, पण मधली पंधरा-वीस मिनिटं तो तिथंच पडून होता. वर्षभरात त्या लाइनीवरून क्वचित एखादा फोन झाला असेल. पण बिलावरून लाइनीचं काम कळत नाही, ते असं.

दुसरी गोष्ट पत्त्याची. सिन्नरचा कोड ०२५५१, नाशिकचा ०२५३. सगळे फोन नाशिकच्या ऑफिसातल्या ट्रंकवरून बाहेर पडायला लागले, की माळेगावहून फिरवलेला १०१ नाशिकच्या अग्निशामक दलाकडं जाऊ शकतो. पलीकडच्या माणसाला नंबर नाशिकचा दिसतो आणि आग असते सिन्नरला. म्हणून यंत्रणा बसवणाऱ्याकडून एक गोष्ट करून घ्या. १००, १०१, १०८ आणि ११२ हे नंबर त्या-त्या जागेच्या स्थानिक लाइनीवरूनच बाहेर गेले पाहिजेत.

तिसरी गोष्ट नंबरची. मोबाईलचा नंबर कंपनी बदलली तरी टिकतो. २०११ पासून ती सोय देशभर आहे. लँडलाइनला ती नाही. दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर, गिऱ्हाइकाच्या डायरीत वीस वर्षं बसलेला नंबर एकदा सोडला की सोडला. तो त्याच कंपनीच्या फायबरवर नेता येतो का, हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

याचा अर्थ तांब्याला चिकटून बसा असा नाही. तांब्याच्या जागी सगळीकडं फायबर येत आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगममधून सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. खांबावर चढून जोड शोधणारा जुना लाइनमन आता सहज भेटत नाही. इंग्लंडमध्ये तर साधी टेलिफोन व्यवस्था २०२५ च्या अखेरीस पूर्ण बंद करायचं ठरलं होतं. पण एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात मदतीसाठी दाबायचं बटण असतं आणि ते याच लाइनीवर चालतं. फोन बदलल्यावर काही ठिकाणी ती बटणं चाललीच नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं सक्तीचे बदल थांबवायला लावले आणि पुढं मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढली. एवढ्या मोठ्या देशाला जे आधी मोजावं लागलं नाही आणि मग मोजावं लागलं, ते आपण आपल्या चार जागांपुरतं तरी आधीच मोजू.

मोजायचं कसं? सर्व ठिकाणची बिलं एकत्र करा. वहीत प्रत्येक नंबरला एक ओळ द्या. मग एक जण मोबाईलवरून तो नंबर फिरवील आणि दुसरा कुठं घंटी वाजते ते बघेल. जिथं घंटी वाजत नाही, तिथं तार हातात धरून शेवटपर्यंत जा. ती लिफ्टमधल्या फोनला, आगीच्या अलार्मला किंवा वजनकाट्याच्या खोलीत गेलेली असू शकते. प्रत्येक ओळीपुढं लिहा : यावर कोण बोलतं, कधी बोलतं आणि हा बंद पडला तर कुणाचं अडेल? बिलाच्या रकमेचा रकाना शेवटी ठेवा.

इतकं झालं की निर्णय आपोआप सुचतो. व्यापाराच्या लाइनी खुशाल एकत्र करा, भाडं वाचेल आणि ‘एंगेज’ही कमी होईल. पण प्रत्येक जागी, वीज नसताना चालणारं आणि कुलपाबाहेर असणारं एक साधन ठेवा. तांब्याची लाइन मिळत असेल तर ती. नसेल तर फायबरच्या डब्याला आणि राउटरला वेगळी बॅटरी आणि वॉचमनच्या केबिनमध्ये चार्जिंगला लावलेला एक साधा मोबाईल. आणि महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, मेन स्विच खाली ओढून तो फोन लागतो का, ते वॉचमनलाच करून बघू द्या. गरज पडेल त्या रात्री नंबर फिरवणार आहे तो तोच.