मज्जारज्जू आणि उभे राहण्याची शक्ती
(वार्षिक संमेलनातील भाषण)



अपघातात पाठीचा कणा मोडून कमरेखालचे अंग लुळे पडले, की "आता सारे संपले" असा निकाल घरोघर दिला जातो. मज्जारज्जू म्हणजे मेंदूची आज्ञा पायांकडे नेणारी केवळ एक तार, ही समजूत त्या निकालाच्या मुळाशी आहे. ती अपुरी आहे.

मुख्याध्यापकांची सूचना पोहोचली नाही म्हणून वर्गातील मुले शिकलेले विसरत नाहीत. तद्वतच इजेच्या खालचा मज्जारज्जू मेंदूपासून दुरावला तरी जिवंत असतो. तळपायांवर पडणारा भार त्याला कळतो आणि स्नायूंना त्यानुसार चालना देण्याची काही शक्ती त्याच्या ठायी असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्रॅहॅम ब्राऊन यांनी १९११ साली मांजरांवरील प्रयोगांतून, मेंदूपासून दुरावलेला मज्जारज्जू पावले टाकण्याची लय स्वतःच निर्माण करू शकतो, याची साक्ष पटविली होती.

अमेरिकेतील लुइव्हिल येथे डॉ. सुसान हार्केमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एका तरुणाच्या मज्जारज्जूच्या आवरणावर सोळा विद्युत्‌-अग्रांची पट्टी बसविली. २००६ सालच्या अपघातापासून छातीखाली त्याची हालचाल बंद होती. संवेदना मात्र काही अंशी उरली होती. आधी सव्वीस महिने कसून व्यायाम देऊनही तो उभा राहू शकला नव्हता. विद्युत्प्रवाह सुरू केल्यावर, केवळ तोल सावरण्यापुरते साह्य घेऊन, तो स्वतःच्या पायांवर सव्वाचार मिनिटे उभा राहिला. हा वृत्तांत २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे, की विजेने पाय ओढून सरळ केले नाहीत. तिने मज्जारज्जूला केवळ जागे केले. उभे राहण्याचे काम पायांवरील भाराच्या जाणिवेवरून त्यानेच केले. पुढे २०१८ साली त्याच संस्थेतील चार रुग्णांपैकी दोघे, दीर्घ सरावानंतर, विद्युत्प्रवाह व आधार यांच्या साह्याने जमिनीवर चालू शकले.

बंधूंनो, हा रामबाण उपाय नव्हे. शस्त्रक्रिया लागते, महिनोन्‌महिने कष्ट लागतात आणि सर्वांना सारखे यश येत नाही. म्हणून खात्रीलायक उपायाची जाहिरात करणाऱ्यांपासून सावध राहावे. परंतु निराशेने रुग्णाची हेळसांड करणे हा त्याहून मोठा अपराध होय. त्याला वेळोवेळी कुशीवर वळवावे, शय्याव्रण होऊ देऊ नयेत, सांधे आखडू देऊ नयेत, मूत्रमार्गाची निगा राखावी. आखडलेल्या व जखमांनी पोखरलेल्या देहाला उद्याचा उपचारही उभे करू शकणार नाही. उपचार शोधणे हे शास्त्रज्ञांचे काम. तोवर देह राखणे हे घरच्यांचे कर्तव्य आहे.