लहान महाविद्यालयातील वृत्तपत्रविद्या

तालुक्याच्या गावातील ज्या महाविद्यालयात वर्गाला जेमतेम दहा-बारा विद्यार्थी असतात आणि ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र खोलीही नसते, तेथे वृत्तपत्रविद्येचे अध्ययन ते काय होणार, अशी शंका पुष्कळांना येते. परंतु माझ्या मते या विद्येची खरी शाळा म्हणजे तहसील कचेरी आणि बाजार समितीचा लिलाव, आणि ती दोन्ही तेथून हाकेच्या अंतरावर असतात. कांद्याचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर स्वतः टिपून घेणाऱ्या विद्यार्थ्याला, केवळ कमाल दराचा मथळा शेतकऱ्याची दिशाभूल कशी करतो, हे व्याख्यानावाचून उमगते. शिवाय तहसील कचेरीत २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये केलेल्या अर्जाला सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तेव्हा उत्तर सत्र संपण्यापूर्वी हाती यावे म्हणून विद्यार्थ्यांनी सत्रारंभीच असा एक अर्ज अवश्य दाखल करावा.