अठरा पूर्ण होण्याआधी



स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यानं मोठी स्वप्नं पाहा असं सांगायचं आणि खाली बसायचं, अशी रीत आहे. मी त्याहून लहान विषय घेतो: वाढदिवस आणि यादी. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं दोन-चार वर्षांत अठरावं पूर्ण होईल. तिशीच्या आत तीस गोष्टी केल्या, पन्नाशीला पन्नास गड चढलो, असे व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर पाहताच. 2007 मधल्या एका हॉलिवूडपटानं ‘बकेट लिस्ट’ हा शब्द सगळीकडे नेला, आणि 2018 मध्ये माधुरी दीक्षितचा पहिला मराठी चित्रपट त्याच नावानं आला. त्यातल्या गृहिणीला ज्या तरुणीचं हृदय मिळतं, ती एकविसावा वाढदिवस येण्याआधीच अपघातात गेलेली असते. त्या वाढदिवसाआधी करायच्या गोष्टींची तिची यादी मागं उरते आणि ही गृहिणी ती पुरी करायला घेते. चित्रपट हसतखेळत चालतो, पण त्यात एक बोचरी गोष्ट आहे. वर्षानुवर्षं घर चालवणाऱ्या बाईकडं स्वतःची अशी यादीच नव्हती. तिला ती एका मुलीकडून उसनी घ्यावी लागली.

माझं म्हणणं असं की यादी जरूर करावी, आणि तुमच्या वयात करावी. पण तिच्यात पाहायच्या, घ्यायच्या आणि फोटो काढायच्या गोष्टी कमी असाव्यात. करण्याआधी ज्या शिकाव्या लागतात, त्या गोष्टी जास्त असाव्यात. गोव्याचा समुद्र पाहून एका दिवसात यादीतली ओळ खोडता येते. तेरणेच्या पाण्यात का होईना, पोहता येणं ही ओळ खोडायला उन्हाळा जातो. पहिलीसाठी पैसा लागतो आणि दुसरीसाठी चिकाटी. धाराशिव जिल्ह्यात कशाचा तुटवडा जास्त आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, तारखेला एवढं महत्त्व कशाला? शिकायचं ते कधीही शिकावं. आक्षेप खरा आहे, आणि आपल्याकडं तर फारच खरा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिली म्हणून त्या दिवशी जन्मलेले आजोबा या मंडपातही असतील. वय म्हणजे कागदावरचा आकडा, हे महर्षी कर्व्यांनाही लहानपणीच कळलं होतं. परीक्षेला बसण्यासाठी ते मुरुडहून कुंभार्लीचा घाट चढून शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेले, आणि वयानं लहान दिसतोस म्हणून त्यांना बसू दिलं नाही. तरीही आकड्याचा मनावर परिणाम होतो. अमेरिकेतल्या अॅडम ऑल्टर आणि हॅल हर्शफील्ड या संशोधकांनी 2014 मध्ये एक निष्कर्ष मांडला. आयुष्यात पहिल्यांदा मॅरेथॉन धावलेल्या 500 जणांत 74 जणांचं, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त जणांचं, वय 29, 39, 49 किंवा 59 होतं. म्हणजे दशक संपत आलं की माणूस स्वतःला विचारतो, आपण केलं काय? त्यांच्या पद्धतीवर पुढं टीका झाली, त्यामुळं तो निष्कर्ष मी ब्रह्मवाक्य मानत नाही. पण परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसणाऱ्यांना मुदतीची ताकद वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

मुदतीचा धोकाही तिथंच आहे. मुदत गाठायची म्हणून माणूस सोप्या गोष्टी निवडतो. पां. वा. काण्यांचं उदाहरण म्हणूनच मला फार उपयोगाचं वाटतं. त्यांचा जन्म 1880 चा. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या आवृत्तीला जोडायला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना लिहावी, एवढाच मूळ बेत होता. ती प्रस्तावना फुगत गेली. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या स्वतंत्र ग्रंथाचा पहिला खंड 1930 मध्ये, त्यांच्या पन्नाशीत, निघाला आणि शेवटचा 1962 मध्ये. मधे बत्तीस वर्षं आणि सहा हजारांहून अधिक पानं. पुढच्याच वर्षी भारतरत्न मिळालं. पन्नासाव्या वाढदिवसापर्यंत ही ओळ खोडायचीच असा त्यांचा हट्ट असता, तर आपल्याला एक बरीशी प्रस्तावना मिळाली असती. कर्व्यांचंही तसंच. 1929 मध्ये एकाहत्तरीत ते युरोपला निघाले, पुढं अमेरिका आणि जपान केलं, आफ्रिकेचा दौरा केला. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनची भेटही झाली. आज कुणी तो प्रवास स्टेटसला टाकला असता. त्यांनी तो महिला विद्यापीठाची माहिती जगाला द्यायला आणि त्यासाठी पैसा उभा करायला केला. परत आल्यावर, 1936 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांत प्राथमिक शाळा काढणारं मंडळ सुरू केलं. म्हणजे वाढदिवसानं काम सुरू करून द्यावं. ते कधी संपायचं ते कामच ठरवेल.

पण काणे आणि कर्वे ही मोठी नावं झाली, आणि दोघांचंही काम पुण्या-मुंबईकडचं. सास्तूरमध्ये बोलताना याहून अवघड आक्षेपाला उत्तर द्यावं लागतं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंपात इथं जे झालं, ते तुमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, पण ऐकलेलं नाही असं कुणीच नसेल. गणपती विसर्जन करून झोपलेली माणसं उठलीच नाहीत. ज्या घरात हे घडलं तिथली आजी म्हणू शकते, उद्याचा भरवसा नाही, यादी कसली करतोस? तिचं म्हणणं खोडून काढायचा मला अधिकार नाही. मात्र याच भागातल्या बायकांनी त्यानंतर काय केलं, ते मी तिच्यापुढं ठेवेन. सास्तूरसारखी गावं नव्या जागी वसवली गेली. जिथं घरं तडे जाऊन उभी राहिली होती, तिथं सरकारनं दुरुस्ती आणि बळकटीकरणाचा कार्यक्रम घेतला. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हजारावर गावांत महिला मंडळं या कामात उतरली. गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. मातीत रचलेल्या दोन-दोन फुटी दगडी भिंती आणि वर माळवदाचा भार, हेच घर माणसाच्या जिवावर उठलं होतं. भिंतीचे आतले-बाहेरचे थर आरपार दगडानं सांधायचे, माळवदावरची माती उतरवून भार हलका करायचा, सिमेंटच्या कामाला रोज पाणी मारलं जातंय का ते पाहायचं, हे त्या शिकल्या. मिस्त्रीनं माल कमी वापरला की हटकायला शिकल्या. तोवर यातल्या कितीतरी जणी चार लोकांत तोंड उघडत नव्हत्या. आणि 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं, तेव्हा इथल्या बायका तिकडं गेल्या आणि तिथल्या बायकांना आपण काय केलं ते सांगितलं. उद्याचा भरवसा नसताना शिकलेली गोष्ट सातेक वर्षांनी दुसऱ्या राज्यात उपयोगी पडली. नुसती पाहिलेली गोष्ट अशी कुणाच्या कामी आली नसती.

यावर हुशार विद्यार्थी विचारेल, मग मौजेला जागाच नाही का? आहे की. हंपी बघावी, विमानात बसावं, एखादा महागडा मोबाइलही घ्यावा. माझी तक्रार प्रमाणाबद्दल आहे. आणि शिकण्यातही मौज असते, हे शाळेत फारसं लक्षात येत नाही, कारण शाळेत शिकण्याला गुण चिकटलेले असतात. पोहणं, हलगी वाजवणं, विहिरीची मोटार उघडून पुन्हा जोडणं, शंभर माणसांचा स्वयंपाक अंदाजानं करणं, ब्रेल वाचणं, इथल्या स्पर्श ग्रामीण रुग्णालयातल्या कुणाकडून बेशुद्ध माणसाला पहिली मदत कशी करायची ते शिकून घेणं: यातलं काहीच परीक्षेला येत नाही. पालकांना वाटेल की यानं अभ्यासाचा वेळ जाईल. थोडा जाईलही. रोज मोबाइलवर जातो, त्यातला काही इकडं वळवता येईल.

शेवटचा मुद्दा मुलींचा, आणि तो मी पालकांना सांगतो आहे. मुलाचं अठरावं म्हणजे मतदान आणि गाडीचं लायसन. मुलीचं अठरावं म्हणजे बऱ्याच घरांत स्थळं पाहायला सुरुवात; काही घरांत तर तेवढीही वाट पाहिली जात नाही. तिच्या वाढदिवसाची यादी आधीच तयार असते आणि ती दुसऱ्यानं लिहिलेली असते. मुलींच्या लग्नाचं वय एकवीस करण्याचं विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत आलं होतं. ते मंजूर झालं नाही आणि 2024 मध्ये लोकसभेबरोबर संपलं. कायदा बदलायची वाट पाहायची गरज नाही. काळजीपोटी लवकर उजवतो, असं तुम्ही म्हणता. ती काळजी खोटी नाही: ऊसतोडीला किंवा पुण्याला जाताना तरुण मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न खराच आहे. पण ज्या मुलीला गाडी चालवता येते, बँकेचा फॉर्म भरता येतो, पोलीस ठाण्यात जाऊन चार वाक्यं नीट बोलता येतात, तिची काळजी कमी करावी लागते की जास्त? चित्रपटातल्या त्या गृहिणीला स्कूटर-मोटारसायकल अठराव्या वर्षीच शिकवली असती, तर कथाच उरली नसती, आणि माझी त्याला काही हरकत नाही.

मुलींनो, तुम्हाला सायकल चालवायला ज्यांनी शिकवलं, त्यांनाच पुढचं विचारा. ज्यांना यादी करायची आहे त्यांनी ती आठ-दहा ओळींची करावी, प्रत्येक ओळीसमोर कोण शिकवेल त्याचं नाव लिहावं, आणि ते नाव शक्यतो याच गावातलं असावं. माझा वेळ संपला आहे, बक्षिसांची पोती मघापासून कोपऱ्यात थांबली आहेत. पालकांना माझ्याशी वाद घालायचा असेल, तर कार्यक्रमानंतर मी चहाला इथंच आहे.